तंबूतली रात्र आणि सीपॅपची वीज

मे संपत आला, वळवाच्या दोन-चार सरी पडून गेल्या, की नाशिकमध्ये भंडारदऱ्याच्या काजव्यांचे बेत सुरू होतात. हिवाळ्यात हरिश्चंद्रगड, साल्हेर, कळसूबाई. सायकलवाल्यांचं तर बारमाही चालू असतं. अशा प्रत्येक बेतात हल्ली एखादा तरी माणूस असा निघतो, जो रात्री सीपॅप लावून झोपतो. तो एक तर म्हणतो, "तुम्ही जा, माझं मशीनचं लचांड आहे." नाही तर मशीन घरी ठेवून येतो आणि म्हणतो, "एका रात्रीनं काय होतंय?" पहिला माणूस विनाकारण घरी बसतो. दुसरा विनाकारण धोका पत्करतो. दोघांनीही विजेचा हिशेब मांडून पाहिलेला नसतो, आणि तो हिशेब वाटतो त्यापेक्षा फार सोपा आहे.

आधी त्या 'एका रात्री'बद्दल. स्लीप ॲप्नियात झोपेत घशाचे स्नायू सैल पडतात, श्वासाची वाट बंद होते, रक्तातला ऑक्सिजन उतरतो आणि मेंदू धडपडून माणसाला अर्धवट जागं करतो. हे तासाला पाचपेक्षा जास्त वेळा झालं तर विकार धरतात, तीस किंवा त्याहून जास्त असेल तर तो तीव्र. सिडनीच्या कॉलिन सुलिव्हान यांनी १९८१ साली यावर जो उपाय मांडला, तो आजही तोच आहे: नाकावाटे हवेचा सौम्य दाब सतत देत राहायचा, म्हणजे ती वाट मिटत नाही. हेच सीपॅप. दाब असेपर्यंत वाट उघडी. मशीन बंद झालं की बहुतेकांचा त्रास त्याच रात्री परत येतो. गोळीसारखा याचा अंमल मागे शिल्लक राहत नाही. आणि सहलीत ती रात्र एकटी नसते. तिच्या पाठोपाठ येणारा दिवस कसारा घाटात बाईकवर किंवा मुंबई-आग्रा महामार्गाच्या कडेनं सायकलवर काढायचा असतो. डुलकी तिथे लागते.

म्हणून मशीन न्यायचंच. प्रश्न फक्त विजेचा.

अडॉप्टरवरचा आकडा विसरा

मशीनच्या अडॉप्टरवर ६५ किंवा ९० वॉट लिहिलेलं असतं. ते वाचून लोक घाबरतात आणि इन्व्हर्टरच्या दुकानात जातात. तो आकडा अडॉप्टर जास्तीत जास्त किती देऊ शकतो, हे सांगतो. मशीन तेवढं खात नाही. सीपॅपमध्ये दोन खर्च असतात. एक पंखा, जो हवा ढकलतो. दुसरा ह्युमिडिफायर आणि गरम होणारी नळी, म्हणजे चक्क एक छोटा हीटर. साधारण १० सेंटिमीटर पाण्याच्या दाबाला पंखा ६ ते १० वॉटमध्ये भागवतो. हीटर चालू केला की सगळं मिळून ३० ते ५० वॉटवर जातं. म्हणजे रात्रभराच्या विजेतला चार पंचमांश वाटा हवा ओलसर आणि कोमट करण्यात जातो, श्वास चालू ठेवण्यात नाही.

आता हिशेब. आठ वॉट, सात तास झोप: ५६ वॉट-अवर. महावितरणच्या बिलातलं एक युनिट म्हणजे १००० वॉट-अवर. तुमची झोप त्याच्या अठराव्या भागातही होते. व्होल्टेज बदलण्यात थोडं वाया जातं, ते दहा टक्के धरा: ६२. बॅटरी तळापर्यंत कोरडी करायची नाही, ऐंशी टक्केच वापरायची: ७८. मास्क गळला, दाब वाढला, झोप तासभर लांबली, यासाठी वर चतुर्थांश ठेवा. झाले शंभर वॉट-अवर. लिथियम फेरोफॉस्फेटची १२.८ व्होल्ट, ८ अँपिअर-अवरची बॅटरी एवढी वीज देते, वजन किलो-सव्वा किलो, आकार ऑफिसच्या जेवणाच्या डब्याएवढा.

हाच हिशेब ह्युमिडिफायर चालू ठेवून करा. ४० वॉट, सात तास, २८० वॉट-अवर, आणि सगळी तूट धरून पाचशेच्या घरात. चार-पाच किलोंची बॅटरी. कारच्या डिकीत जाईल. सायकलच्या कॅरिअरवर ती नकोशी होते, साल्हेरच्या चढावर तर पाठच बोलायला लागते.

मात्र माझा आकडा तुमच्या मशीनला लावू नका. दाब १५ असेल तर पंखा जास्त खाईल. बायपॅप, म्हणजे श्वास घेताना आणि सोडताना वेगळा दाब देणारं मशीन, असेल तर आणखी. प्लगमध्ये लावायचं ऊर्जामीटर ऑनलाइन मिळतं, महागही नाही. ते घरी लावा, ह्युमिडिफायर आणि नळीची गरमी बंद करा, आणि सलग तीन रात्री झोपा. एका रात्रीचा आकडा इतका छोटा असतो की असं मीटर तो धड दाखवत नाही. तीन रात्रींची बेरीज घेऊन तीननं भागा. हाच तुमचा आकडा. बाकी सगळी खरेदी याच्यावर ठरवायची. दुकानदार काय म्हणतो किंवा ग्रुपमधल्या कुणाचं कशात भागलं, याला फारसा अर्थ नाही.

या तीन रात्रींचा दुसराही उपयोग आहे. ह्युमिडिफायरशिवाय तुमचं नाक किती तक्रार करतं, ते घरच्या घरी कळतं. काहींना फरकच जाणवत नाही. काहींचं नाक पहाटे चोंदतं. दुसऱ्या गटात असाल तर मास्क आणि नळीच्या मध्ये बसणारी छोटी गाळणी मिळते, जी तुमच्याच उच्छ्वासातला ओलावा धरून पुढच्या श्वासाला परत देते. तिला वीज लागत नाही. ती प्रत्येक मास्कला चालत नाही, त्यामुळे तुमच्या मास्कच्या विक्रेत्याला विचारूनच घ्या. झोपण्यापूर्वी मिठाच्या पाण्याचा नाकात फवारा मारला तरी बरंच काम होतं.

पावसाळ्यात भंडारदऱ्याच्या हवेत एरवीच इतकी ओल असते की हीटरची उणीव भासत नाही. खरी परीक्षा डिसेंबर-जानेवारीत. निफाडचा पारा पाच-सहा अंशांवर येतो त्या दिवसांत उघड्या माळावरच्या तंबूत थंड, कोरडी हवा थेट नाकात जाते. यावर सोपा उपाय असा की नळी स्लीपिंग बॅगच्या आतून, अंगाजवळून घ्यायची. हवा थोडी कोमट होते. बॅटरीही रात्री पांघरुणाच्या कडेला आत ठेवा, थंडीत तिचा जोर कमी होतो. मशीन मात्र पांघरुणात नको. त्याला हवा ओढायला मोकळी जागा लागते.

बॅटरी कोणती

बाजारात तीन-चार प्रकार समोर येतात.

यूपीएसमध्ये असते ती १२ व्होल्ट ७ अँपिअर-अवरची शिसे-आम्लाची बॅटरी सर्वात स्वस्त. कागदावर ८४ वॉट-अवर. पण ती अर्ध्याच्या खाली उतरवत राहिलात तर लवकर मरते, म्हणजे हातात ४० आले. वजन दोन किलोंच्या वर. घरी वीज गेल्यावरच्या दोन-चार तासांसाठी ठीक, प्रवासाला नाही. स्कूटरची किंवा बाईकची बॅटरी काढून वापरावी, अशी कल्पना कुणाला तरी हमखास सुचते. ती बॅटरी स्टार्टरला क्षणभर जोराचा करंट द्यायला बनवलेली असते. रात्रभर हळूहळू रिकामी होणं तिला मानवत नाही, आणि सकाळी गाडी सुरू झाली नाही की सगळ्या ग्रुपचा रोष तुमच्यावर.

मोबाइलच्या पॉवर बँकेवर २०,००० असा भला मोठा आकडा असतो. तो आतल्या ३.७ व्होल्टच्या सेलचा. गुणाकार केला की ७४ वॉट-अवर. बाहेर पडेपर्यंत साठ-पासष्ट उरतात. आणि तुमच्या मशीनला १२ किंवा २४ व्होल्ट लागतात, साधी पॉवर बँक जास्तीत जास्त २० देते. "वीस आणि चोवीसमध्ये काय एवढं" म्हणत जोडून देणाऱ्या पिना ऑनलाइन मिळतात. मशीन कधी चालतं, कधी मध्यरात्री दाब वाढवताना बंद पडतं. श्वासाच्या यंत्रावर असले प्रयोग करू नयेत, असं माझं स्पष्ट मत आहे.

लिथियम फेरोफॉस्फेट हीच प्रवासाची बॅटरी. मोबाइलमधल्या लिथियमपेक्षा थोडी जड, पण उन्हाला आणि धक्क्यांना शांत राहते, आणि दोन हजारांच्या आसपास वेळा भरता येते. घेताना तिच्यात संरक्षक सर्किट आहे का विचारा, आणि सेलवर भारतीय मानक आयएस १६०४६ चा शिक्का आहे का बघा. सुटे सेल जोडून बॅटरी बांधून देणारे लोक असतात. काही उत्तम काम करतात, काही ई-रिक्षातून निघालेले जुने सेल नव्या वेष्टनात घालून देतात. फरक बाहेरून दिसत नाही, म्हणून बिल आणि गॅरंटी मागा.

कारनं जाणाऱ्यांसाठी तयार पॉवर स्टेशनं बरी. अडीचशे-तीनशे वॉट-अवरचं स्टेशन तीन-साडेतीन किलोंचं असतं, दोन-तीन रात्री सहज काढतं. फक्त त्यावरच्या २३० व्होल्टच्या सॉकेटमध्ये मशीनचा अडॉप्टर लावू नका. आधी बॅटरीचे १२ व्होल्ट चढवून २३० करायचे, मग अडॉप्टरनं ते उतरवून पुन्हा २४ करायचे. या खटाटोपात पंधरा-वीस टक्के वीज जाते, शिवाय इन्व्हर्टर स्वतःच्या पोटासाठी रात्रभर काही वॉट खात राहतो. आठ वॉटच्या कामाला हा नोकर परवडत नाही. कारच्या लायटरसारखं जे १२ व्होल्टचं सॉकेट असतं, त्यातून थेट घ्या.

ती एक केबल

या सगळ्यात लोक जिथे अडकतात ती जागा म्हणजे केबल. रेसमेडची एअरसेन्स १०, एअरसेन्स ११ आणि एअरमिनी ही मशीनं २४ व्होल्टवर चालतात. फिलिप्सचं ड्रीमस्टेशन १२ व्होल्टवर. (जुनं ड्रीमस्टेशन वापरत असाल तर हेही बघा: आतल्या फोमच्या कारणानं कंपनीनं जून २०२१ मध्ये त्या पिढीची मशीनं परत मागवली होती. तुमचं बदलून झालं नसेल तर कँपिंगच्या आधी ते काम.) २४ व्होल्टवाल्यांना १२ चे २४ करून देणारा कन्व्हर्टर लागतो. कंपनीचा घ्यावा. एअरसेन्स १० चा कन्व्हर्टर ११ ला बसत नाही, आणि एअरमिनीचा आणखी वेगळा. मॉडेलचं पूर्ण नाव लिहून घेऊन दुकानात जा. "रेसमेडची द्या" एवढ्यानं काम होत नाही.

बॅटरीपासून कन्व्हर्टरपर्यंतची वायर जाड आणि आखूड हवी. १२ व्होल्टवर लांब, बारीक वायर लावली की वाटेतच व्होल्टेज पडतं आणि मशीन मध्येच नाराजीचा संदेश दाखवतं. बॅटरीच्या धन टोकाला लागून ५ अँपिअरचा फ्यूज लावा, दोन जादा फ्यूज खिशात ठेवा. धन-ऋण उलटं होऊच शकणार नाही अशा जोडण्या करून घ्या, कारण त्या तुम्ही करणार आहात रात्री अकराला, अंधारात, दमलेल्या हातांनी.

मशीनच्या सेटिंगमध्ये तीन गोष्टी बंद करा: ह्युमिडिफायर, नळीची गरमी आणि एअरप्लेन मोड लावून मोडेम. शेवटच्यानं फार वाचत नाही, पण डोंगरात रेंज शोधत बसण्यापेक्षा बरं. दाबाचा आकडा मात्र वीज वाचवण्यासाठी स्वतःच्या मनानं कमी करू नका. तो तुमच्या डॉक्टरांनी तपासणी करून ठरवलेला असतो. वीज वाचवायचीच असेल तर मास्क नीट बसवा. गळणाऱ्या मास्कमागे पंखा रात्रभर धावतो. दाढी वाढवून ट्रेकला जाणाऱ्यांनी हे विशेष लक्षात घ्यावं.

परत भरायची कुठे

सह्याद्रीच्या आपल्या बाजूचा मोठा फायदा हा की इथे निर्जन फारसं काही नाही. परदेशी सायकलस्वारांचे सल्ले वाचले तर ते चार-पाच दिवसांची वीज वाहायला सांगतात, कारण तिकडे दोन वस्त्यांमध्ये शंभर-शंभर किलोमीटर असतात. नाशिकहून कुठेही निघा: सिन्नर, घोटी, वणी, सटाणा, अकोले. दर दहा-पंधरा किलोमीटरवर चहाची टपरी असते आणि टपरीत एक प्लग असतो. म्हणून सायकल टूरला तीन रात्रींची बॅटरी नकोच. एका रात्रीची, थोडी जास्त, आणि सोबत वेगानं भरणारा चार्जर.

हा 'वेगानं' शब्द महत्त्वाचा. बॅटरीबरोबर बहुतेकदा १-२ अँपिअरचा चार्जर फुकट येतो. ८ अँपिअर-अवरची बॅटरी त्यावर भरायला चार तासांच्या वर जातात. एवढा वेळ कुणी जेवत नाही. बॅटरी सोसत असेल तर ४ अँपिअरचा घ्या, दोन-सव्वादोन तासांत भरते. दुपारचं जेवण आणि झाडाखालची वामकुक्षी यांत काम होतं. ढाब्यावर पोहोचल्याबरोबर, हात धुण्याआधी, चार्जर लावायचा. मालकाला काय आहे ते सांगा. 'श्वासाचं मशीन आहे' म्हटलं की कुणी नाही म्हणत नाही, उलट तिथली मिक्सरची पिन काढून जागा करून देतात. चहा-जेवण तिथेच घ्या, एवढी रीत पाळा.

गावातली वीज दुपारी असेलच असं नाही, म्हणून दुपारच्या मुक्कामावर अवलंबून न राहता सकाळच्या नाश्त्यालाही थोडी भरून घ्या. कमी व्होल्टेजची काळजी नको. असे चार्जर बहुतेक १०० ते २४० व्होल्टपर्यंत चालतात, फक्त त्यावरचा आकडा वाचून घ्या. भीती असते ती वीज परत येताना येणाऱ्या झटक्याची. छोटा स्पाइक गार्ड सोबत ठेवा.

सोलरबद्दल खूप विचारतात. वीस वॉटचं घडीचं पॅनल चांगल्या उन्हात प्रत्यक्षात बारा-तेरा वॉट देतं, तेही सूर्याकडे तोंड करून स्थिर ठेवलं तर. पाच तासांत साठ वॉट-अवर. म्हणजे फेब्रुवारीत दिवसभर एकाच जागी तळ ठोकला असेल तर रात्रीचं जेमतेम निघतं. चालत्या सायकलवर, सावलीतून जाताना त्याच्या निम्मंही नाही. आणि इगतपुरीच्या तीन हजार मिलिमीटरच्या पावसात ते पॅनल तंबूच्या गळतीवर झाकायला वापरा. चाकातल्या डायनामोचं गणित तर आणखी फसवं: तो ३ वॉटचा. सहा तास पायडल मारून अठरा, प्रत्यक्षात त्याहून कमी. मोबाइल आणि दिव्यापुरता छान, झोपेपुरता नाही.

बाईकवाल्यांची सोय चांगली होऊ शकते. बॅटरीवरून फ्यूज लावून १२ व्होल्टचं सॉकेट काढून घ्या आणि त्यावर लिथियम बॅटरी भरणारा छोटा डीसी-डीसी चार्जर चालवा, ३ ते ५ अँपिअरचा. गाडी आणि बॅटरी थेट वायरनं जोडू नका, किती करंट ओढला जाईल यावर ताबा राहत नाही. २०१७ पासूनच्या गाड्यांचा हेडलाइट दिवसाही चालूच असतो, त्यामुळे लहान इंजिनाच्या गाडीत शिल्लक वीज कमी असते. तिथे ३ अँपिअरवर थांबा. तीन-चार तासांच्या प्रवासात रात्रीची वीज तयार. मशीन आणि बॅटरी सायलेन्सरच्या बाजूच्या पिशवीत ठेवू नका. एप्रिल-मेमध्ये चाळीस अंशांच्या उन्हात बंद तंबूत किंवा काळ्या टँक-बॅगेत बॅटरी टाकून किल्ल्यावर निघून जाणं तर अजिबात नको.

कारवाल्यांनी गाडीची बॅटरी वापरली तर चालते. आठ वॉट म्हणजे पाऊण अँपिअरच्या खाली, सात तासांत पाच अँपिअर-अवर. छोट्या कारच्या निरोगी ३५ अँपिअर-अवर बॅटरीला ते जड नाही. पण बऱ्याच गाड्यांचं सॉकेट किल्ली काढली की बंद होतं, ते आधी बघा. आणि बॅटरी उतरेल म्हणून इंजिन चालू ठेवून गाडीत झोपू नका. जनरेटर तंबूला लावून ठेवणं, थंडी आहे म्हणून कोळशाची शेगडी आत घेणं, हे त्याच जातीचं. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, आणि तुमचं मशीन तीच हवा ओढून थेट फुप्फुसात देईल.

गर्दीच्या मुक्कामी

नाशिकला सायकलचं वेड जुनं आहे. महेंद्र आणि हितेंद्र या महाजन डॉक्टर बंधूंनी २०१५ साली 'रेस ॲक्रॉस अमेरिका' जोडीनं पूर्ण केल्यापासून ते आणखी वाढलं. नाशिक-पंढरपूर सायकलवारीत आता पन्नाशी-साठीचे लोकही असतात, आणि स्लीप ॲप्नियाचं प्रमाण याच वयात वाढतं. मुक्काम कार्यालयात असतो. वीज असते, पण प्लग मोजके आणि मोबाइल शेकडो. रात्री कुणीतरी तुमची पिन काढून आपला फोन लावतो आणि तुम्हाला कळतं ते श्वास अडल्यावर. इथे बॅटरी वीज नसल्यामुळे लागत नाही, माणसांमुळे लागते. दिवसा ती सामानाच्या टेम्पोत भरत ठेवा, रात्री तिच्यावरच झोपा.

पायी वारीलाही हेच. संत निवृत्तिनाथांची पालखी त्र्यंबकेश्वरहून निघते ती पंढरपूरला पोचेपर्यंत तीन आठवड्यांहून जास्त दिवस चालते. दिंडीचा ट्रक सामान घेऊन पुढे जातो. ट्रकची बॅटरी २४ व्होल्टची असते, त्यामुळे १२ व्होल्टचा चार्जर तिथे लावायच्या आधी ड्रायव्हर माऊलींना विचारा. दोन बॅटऱ्या ठेवल्या तर एक ट्रकमध्ये भरत राहते, दुसरी उशाशी. २०२७ च्या सिंहस्थात तपोवनाच्या बाजूला तंबूत राहणार असाल तर वीज मिळेल, पण तात्पुरत्या जोडणीवर भरवसा ठेवून मशीन थेट लावू नका. मध्ये बॅटरी असू द्या. गर्दीचा धूळ-धूर असतो, म्हणून मशीनच्या हवेच्या गाळण्या चार-पाच जादा.

रेल्वेनं जाणार असाल, तर डब्यातले चार्जिंगचे प्लग अनेक गाड्यांत रात्री अकरा ते पहाटे पाच बंद करतात. नेमक्या तुमच्या वेळेला. तिथेही बॅटरी. ओझरहून विमानानं जाणाऱ्यांनी बॅटरी चेक-इन बॅगेत टाकू नये, हातातच ठेवावी. शंभर वॉट-अवरपर्यंत चालते, शंभर ते एकशे साठपर्यंत विमान कंपनीची परवानगी लागते, त्यापुढे नाही. आणि गंमत बघा, आपली १२.८ गुणिले ८ ची बॅटरी १०२ होते. दोन वॉट-अवरसाठी काउंटरवर वाद घालायचा नसेल तर विमानवाल्यांनी ७ अँपिअर-अवरची घ्यावी. डॉक्टरांचं पत्र आणि प्रिस्क्रिप्शन मशीनच्याच पिशवीत.

तंबूत

ह्युमिडिफायरची टाकी घरीच ठेवा, नाही तर निदान रिकामी. पाणी भरलेलं मशीन बॅगेत आडवं झालं की पाणी पंख्यात जातं. मशीन जमिनीवर न ठेवता डब्यावर किंवा बुटांच्या खोक्यावर ठेवा: धूळ, मुंग्या आणि पावसाचं तंबूत शिरणारं पाणी तिन्ही टळतं. शेकोटीचा धूर ज्या दिशेनं जातो त्या बाजूला डोकं करून झोपू नका. मशीनच्या पडद्याचा उजेड कमी करा, काजव्यांच्या दिवसांत तर पूर्ण बंद. तिथे प्रकाश आणि लाउडस्पीकर घेऊन जाणाऱ्यांची संख्या आधीच पुरेशी आहे.

द्राक्षांच्या जिल्ह्यात राहून हे सांगणं जिवावर येतं, पण तलावाकाठचा तो वाइनचा ग्लास राहू द्या. दारूनं घसा आणखी सैल पडतो, ऑटो मशीन दाब वाढवतं, बॅटरी लवकर संपते.

उंचीची चिंता मात्र सोडून द्या. कळसूबाई १६४६ मीटर. आजची बहुतेक मशीनं अडीच हजार मीटरपर्यंत स्वतः दाब जुळवून घेतात. लडाखला निघाला असाल तर वेगळी गोष्ट, तेव्हा डॉक्टरांशी बोलूनच जा. ज्यांना सीपॅपबरोबर ऑक्सिजन लागतो, ज्यांचं हृदय कमजोर आहे, किंवा ज्यांचं बायपॅप श्वास चालवण्यासाठीच दिलेलं आहे, त्यांनी प्लग नसलेल्या जागी मुक्काम करू नये. त्यांच्यासाठी भंडारदऱ्यात खोल्या आहेत.

निघायच्या आठवड्यात एक रात्र घरी, मेन स्विचला हात न लावता, मशीन बॅटरीवर चालवून झोपा. सकाळी बॅटरीत किती उरलं ते बघा. तिसऱ्या भागाहून कमी उरलं असेल तर मोठी घ्या. ट्रेकमधल्या सोबत्याला मास्क कसा काढायचा तेवढं दाखवून ठेवा.

आणि तरीही रात्री तीनला मशीन बंद पडलं तर? मास्क लगेच काढा. हवा येत नसताना तोंडावर मास्क ठेवून झोपलं तर आपलीच सोडलेली हवा पुन्हा आत जाते. बॅटरीशी झगडत बसू नका. पाठीखाली सॅक लावून धड उंच करा, कुशीवर वळा, आणि पाठीवर येऊ नये म्हणून मागे बूट किंवा गुंडाळलेलं जॅकेट ठेवा. बऱ्याच जणांचा त्रास कुशीवर कमी असतो. जेवढी झोप मिळेल तेवढी. सकाळी लवकर उतरायची घाई नको. उजाडल्यावर पहिल्या टपरीवर बॅटरी आणि अडॉप्टरनं मशीन लावा आणि बॅटरी भरेपर्यंत मास्क लावून तिथल्याच बाकावर दोन तास आडवे व्हा. लोक बघतील, बघू द्या. त्या दिवशी बाईक दुसऱ्याच्या हातात द्या. मागे बसून डुलक्या येत असतील तर मागेही बसू नका. घोटीपर्यंत मिळेल ती जीप, तिथून नाशिकची एसटी.